प्रोफाइल काय?

सिंगापूरमध्ये भाड्याच्या घरासाठी घरमालकाच्या एजंटाला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टेनंट प्रोफाइल?" नवख्याला वाटतं, पगारपाणी विचारतोय. पगार नंतर येतो. आधी सांगायचा तो देश, वंश, कोणत्या पासवर आहेत, माणसं किती आणि घरात स्वयंपाक करणार का. माझ्या भाडेकरूंबद्दल मी एका दमात सांगायचे, "इंडियन फॅमिली, नवरा-बायको, एक मुलगी, एम्प्लॉयमेंट पास, दोन वर्षांचा करार." पलीकडून जरा वेळ काही यायचं नाही. मग, "कुकिंग हेवी की लाइट?" आणि त्यानंतर बहुतेक वेळा, "ओनरला विचारून कळवतो." तो कळवत नाही, हे पहिल्या वर्षात समजलं. न कळवणं हेच उत्तर असतं, हे समजायला आणखी थोडा वेळ लागला.

नवऱ्याच्या नोकरीमागे डोंबिवलीहून इथे आले, पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाली, मुलगी शाळेत रुळली, तेव्हा एजंटचा परवाना काढला. 2010 मध्ये या धंद्यावर देखरेख करणारी सरकारी परिषद स्थापन झाली. तेव्हापासून परीक्षा द्यावी लागते, नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो प्रत्येक जाहिरातीत छापावा लागतो. परीक्षेत सगळं होतं : मुद्रांक शुल्क, अनामत रक्कम, पोटभाडेकरूचे नियम, सरकारी घरांच्या अटी. "ओनर प्रिफर चायनीज" असं कुणी म्हणालं तर काय बोलायचं, हे तेवढं नव्हतं.

मी शिरले तेव्हा जाहिरातींतच ते उघड असायचं. तीन खोल्या, स्टेशनपासून पाच मिनिटं, एसी, नो इंडियन्स, नो पीआरसी. यातलं दुसरं नाव चीनमधून आलेल्या चिनी माणसांचं. चिनी घरमालक चीनच्या माणसाला घर नाकारतो, हे पाहून मी पहिल्यांदा चक्रावले होते. आपल्याकडे बसून वाटतं की चिनी तो चिनी. इथल्या चौथ्या पिढीच्या चिनी माणसाला मात्र बीजिंगहून आलेला माणूस परका, मोठ्यानं बोलणारा आणि वॉशबेसिनमध्ये थुंकणारा वाटतो. हेच आमच्या बाबतीत. इथले तमिळ दोन-तीन पिढ्यांचे, सैन्यातली सक्तीची सेवा केलेले. त्यांना "लोकल इंडियन" म्हणतात आणि आम्हाला "इंडियन इंडियन". फोनवर एजंट खुलासा मागायचे, "लोकल इंडियन ऑर इंडियन इंडियन?" लोकल म्हटलं तरी घर मिळेलच असं नव्हतं.

पुढे परिषदेनं जाहिरातींतली ही भाषा बंद केली. वंश-धर्मावरून भेद करणारी जाहिरात एजंटानं देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वांत आलं. जाहिराती स्वच्छ झाल्या. पण घरमालक तेच होते, त्यामुळे "नाही" हा शब्द कागदावरून निघून फोनवर आला, फोनवरून दारात आला. आधी माझा भाडेकरू जाहिरात वाचून ते घर सोडून द्यायचा. आता तो शनिवारची सुट्टी घालवून, लेकराला घेऊन, दोन गाड्या बदलून घर बघायला यायचा. दार उघडणारी बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, हसून सगळ्या खोल्या दाखवायची आणि संध्याकाळी निरोप यायचा की घर कालच गेलं. ते घर पुढचे तीन आठवडे पोर्टलवर तसंच दिसायचं. तरीही नियम झाला ते बरंच झालं, असं माझं मत आहे. भिंतीवर लिहिलेली शिवी पुसल्यानं शिवी देणारा सुधारत नाही. पण रस्त्यानं जाणाऱ्या पोराला ती वाचावी लागत नाही.

म्हणून मी फोनवरच सरळ विचारायला लागले. "मी इंडियन आहे, माझा क्लायंट इंडियन आहे, रोज स्वयंपाक करतात. चालेल की नाही ते आत्ता सांगा, दोघांचा वेळ वाचेल." समोरचे एजंट आधी अवघडायचे. नंतर काही जण मोकळे बोलायला लागले. त्यांना तरी कुठे हौस होती खोटं बोलायची? आम्ही सगळे एक महिन्याच्या भाड्याएवढ्या कमिशनसाठी धावणारी माणसं. घरमालकाचा नकार गोड करून पोचवणं हे त्या कमिशनमध्ये धरलेलंच असायचं.

मोकळं बोलणं सुरू झालं तेव्हा कळलं की "नो इंडियन्स" या दोन शब्दांच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात. एकाच्या घरात आधीच्या भाडेकरूनं चार माणसं सांगून अकरा ठेवली होती. दुसऱ्याचा भाडेकरू नोकरी गेल्यावर शेवटचं दोन महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात भारतात परतला होता. तिसऱ्याला घासाघिशीचा कंटाळा. ठरलेल्या भाड्यावर सही करताना पुन्हा पन्नास डॉलर कमी करा म्हणणारे आपले लोक मी स्वतः पाहिलेत, तेव्हा त्यावर मी गप्पच बसायचे. एका म्हाताऱ्यानं मात्र स्वच्छ सांगितलं की मला काळी माणसं आवडत नाहीत. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्यांशी होतं.

आणि सगळ्यांच्या वर स्वयंपाकघर. घर परत देतानाची एक पाहणी सांगते. घरमालक अंकल सत्तरीचे, पांढरा गंजीफ्रॉक, हाफ पँट, हातात यादी. हॉल, बेडरूम, बाथरूम भराभर झालं. स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी खिशातून टिश्यू काढला, चिमणीच्या जाळीच्या आतल्या कडेनं फिरवला आणि माझ्यासमोर धरला. पिवळट तपकिरी चिकट पट्टा. मग ओट्यावर वाकून पांढऱ्या दगडावरचा हळदीचा गोल डाग दाखवला. बहुधा बरणीच्या बुडाचा, अर्धा फिकटलेला. भाडेकरू मुलगी कोल्हापूरची, आदल्या रात्री एक वाजेपर्यंत घासत बसलेली. तिनं खाण्याचा सोडा आणि लिंबू लावून तो डाग निम्मा घालवला होता. अंकल चिडले नव्हते. ते टिश्यू बघून नुसते "सी? सी?" म्हणत होते, आणि ती मुलगी शाळेत पकडल्यासारखी उभी होती. अनामतीतून साफसफाईचे पैसे कापून प्रकरण मिटलं. खाली लिफ्टपाशी आलो तर दुसऱ्या मजल्यावरून सुक्या माशाचा आणि बेलाचानचा, म्हणजे इथल्या सुकटीच्या चटणीचा, असा खमंग भपकारा आला की डोळ्यांत पाणी यावं. त्या घराला कुणी हेवी कुकिंग म्हणत नव्हतं.

या वासाचा एक प्रसंग बेटभर गाजला होता. चीनहून आलेल्या एका कुटुंबानं शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीच्या वासाबद्दल तक्रार केली, मध्यस्थी झाली, आणि तडजोड अशी निघाली की चिनी कुटुंब घरात नसताना करी करायची. ही हकिगत 2011 च्या ऑगस्टमध्ये छापून आली आणि लोक खवळले. इथले चिनी, मलय, युरेशियन, सगळे. 21 ऑगस्टला हजारोंनी ठरवून घरात करी रांधली आणि शेजाऱ्यांना वाटली. मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं होतं. फक्त त्या दिवशी करी रांधणाऱ्यांमध्ये घरमालक किती होते, हा प्रश्न धंद्यामुळे माझ्या डोक्यात येतोच.

तर मी उपाय काढला. करारात कलम घालायचं : घर सोडताना स्वयंपाकघराची आणि चिमणीची व्यावसायिक साफसफाई भाडेकरूच्या खर्चानं. दर तीन महिन्यांनी एसीची सर्व्हिसिंग करायचं कलम असतंच, त्याच्या खाली हे. साशंक घरमालकाला मी हे कलम दाखवायचे आणि दहातले काही वळायचे. मी खूश होते. मग नागपूरहून आलेल्या एका संशोधक बाईंनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ताई, हे कलम तुम्ही चिनी भाडेकरूच्या करारात घालता का?"

नव्हते घालत. "घातलं तर मालक ऐकतो," असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऐकतो, कारण आपण घाण करतो हे तुम्ही आधीच लिहून दिलंय." त्यांनी सही केली, घर त्यांना हवंच होतं. त्यानंतर ते कलम मी माझ्याकडच्या प्रत्येक घराला लावलं, जपानी असो, फ्रेंच असो, इथलाच असो. मोठ्या आचेवर कढईत रोज परतणाऱ्यांनी काही न बोलता सह्या केल्या. एका घरमालकिणीला नवल वाटलं, "ह्यांना कशाला?" मी म्हटलं, "चिमणीला वंश कळत नाही, अंटी." हसल्या. पटलं असेल असं नाही.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण हे लिहायला बसले त्याचं निम्मं कारण ते आहे.

एक मराठी गृहस्थ. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना घरं कशी नाकारली गेली, ते गणपतीच्या पंगतीत रंगवून सांगायचे. पुढे पूर्वेकडे समुद्राजवळ कॉन्डो, म्हणजे खासगी संकुलातला फ्लॅट, घेतला आणि भाड्यानं द्यायचं काम माझ्याकडे आलं. म्हणाले, "एक सांगतो, आपली माणसं नकोत गं. चायनीज बघ, जपानी मिळाला तर उत्तमच. हे लोक किचनची वाट लावतात." हे लोक! मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो साधा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर चिनी अंकलच्या लेखीही तो हिशेबच होता.

भाडेकरूंच्या याद्या वेगळ्या. शेजारी चायनीज नकोत, मासळीचा वास येतो (मालवणी माणसाच्या तोंडून हे ऐकणं ही एक वेगळीच मौज). ओनर मुसलमान नाही ना? रूममेट डुक्कर खाणारा नको, आणि शक्यतो "आपल्यातला" बघा. मुंबई-पुण्यात ब्रोकर आडनाव विचारतो, काही सोसायट्यांत मांसाहारी चालत नाही, मुसलमानाला घर मिळता मिळत नाही. ते सगळं आम्ही सामानाबरोबर आणलंय. फरक इतकाच की तिथे नकार देणारे आम्ही होतो, म्हणून तो दिसला नव्हता. इथल्या तमिळांनाही आपल्याकडचे नव्यानं आलेले लोक सहज विचारतात, "मूळचे कुठले?" आणि उत्तर ऐकून "अच्छा, साउथ" म्हणतात. त्या "अच्छा"मध्ये रंग, जात, भाषा सगळं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

नायजेरियाचा एक इंजिनियर माझ्याकडे आला होता. जहाजबांधणीतली चांगली नोकरी, एकटा, स्वयंपाक जवळजवळ नाहीच, कंपनीचं हमीपत्र. कागदावर याच्याहून चांगला भाडेकरू मिळत नाही. मी चिनी मालकांना विचारलं, भारतीयांना विचारलं, एका युरेशियन बाईंना विचारलं. वासाचा मुद्दा नाही, गर्दीचा नाही, पैशाचा नाही. तरी नकार. एका मराठी घरी कारण मिळालं, "मुलं घाबरतील." एवढ्या एका बाबतीत बेटावरच्या सगळ्या वंशांचं एकमत होतं. शेवटी तो सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये दीडपट पैसे भरून राहिला. मला म्हणाला, तुझा दोष नाही, मला सवय आहे. ते "सवय आहे" मला बरेच दिवस पुरलं.

या बेटाला अन्यायी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 2020 च्या जनगणनेत नागरिक आणि पीआर मिळून 74 टक्के चिनी, साडेतेरा टक्के मलय, 9 टक्के भारतीय. ओळखपत्रावर वंश छापलेला असतो. 21 जुलै 1964 ला पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, माणसं मेली, संचारबंदी लागली. ती भीती सरकारच्या हाडात आहे. शाळा दर वर्षी त्याच तारखेच्या सुमारास वांशिक सलोख्याचा दिवस पाळतात. माझी मुलगी नऊवारी नेसून जायची. (मातृभाषा म्हणून ती शाळेत हिंदी शिकली, कारण मराठीचा पर्यायच नाही.) आणि 1989 पासून सरकारी घरांत कोटा आहे. देशातली बहुतेक माणसं या सरकारी इमारतींत राहतात आणि एका इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत याला कमाल मर्यादा आहे : चिनी 87 टक्के, मलय 25, भारतीय आणि इतर 15. त्यामुळे चिनी मोहल्ला, मलय मोहल्ला असं होत नाही. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत या शनिवारी मलय लग्नाचा मांडव, पुढच्या आठवड्यात चिनी माणसाचं मयत आणि कागदी नोटांची होळी, आणि लिफ्टमध्ये सगळ्यांची गाठ. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अशी गाठ कधी पडली नाही, कारण वेगळी माणसं आम्ही आत येऊच दिली नव्हती.

पण त्या कोट्याचं बिल कुणी भरायचं? निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ घर विकायला माझ्याकडे आले. त्यांच्या इमारतीत चिनी कोटा भरलेला. म्हणजे चिनी शेजारी आपलं घर कुणालाही विकू शकतो, पण हे चिनी ग्राहकाला विकू शकत नाहीत. देशातले तीन चतुर्थांश गिऱ्हाईक गेलं. महिनोन्‌महिने जाहिरात चालवली. चिनी जोडपी घर बघून भारावायची, आणि पात्रता तपासली की संकेतस्थळावर नकार. शेवटी भारतीय खरेदीदार मिळाला, त्यालाही परिस्थिती माहीत होती, त्यानं भाव पाडला. शेजाऱ्याचं तसंच घर बऱ्याच चढ्या भावानं गेलं होतं. ते गृहस्थ 1964 ला शाळकरी होते, संचारबंदी आठवत होती. म्हणाले, "कोटा हवाच. आमच्या मुलांना मित्र त्यानंच मिळाले. पण बिल दर वेळी माझ्याच नावानं का फाडतात?" अशा अडलेल्या मालकांचं घर अपवाद म्हणून सरकार स्वतः विकत घेईल, असं 2022 मध्ये जाहीर झालं. त्यांना उशीर झाला होता.

महामारीत हवा बिघडली. भारत आणि सिंगापूर यांच्यातल्या 2005 च्या व्यापारकराराचं आद्याक्षरी नाव, सेका, हीच शिवी झाली. समाजमाध्यमांवर, बसमध्ये. मे 2021 मध्ये सकाळी भरभर चालणाऱ्या एका भारतीय वंशाच्या बाईंना मास्कवरून हटकून, शिव्या देऊन लाथ मारली गेली. त्या इथल्याच होत्या. माझा एक लोकल तमिळ सहकारी त्या दिवसांत आमच्यावरच चिडला होता : तुम्ही लोक आलात, कॉन्डो घेतलेत, आम्हाला खालचे समजलात, आणि आता मार आम्ही खातोय. त्याचं सगळंच चूक होतं असं मला म्हणता येत नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात तत्कालीन पंतप्रधान ली सियन लुंग यांनी अल्पसंख्यांना घर भाड्यानं मिळताना नकार पचवावे लागतात, हे बोलून दाखवलं. 2025 च्या जानेवारीत नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, फेब्रुवारीत वांशिक सलोख्याचा. भाड्याच्या घराचा फोन मात्र अजून दोन माणसांमधलाच आहे.

तो फोन कशानं बदलतो, ते मात्र मी पाहिलंय. 2013 नंतर चार वर्षं भाडी पडत होती. नवे कॉन्डो तयार होऊन रिकामे पडलेले, मालकाला कर्जाचा हप्ता दिसायचा. तेव्हा तेच एजंट, तेच मालक, आणि फोनवर "इंडियन फॅमिली? कॅन, कॅन. कुकिंग नो प्रॉब्लेम." करीचा वास दोन महिने घर रिकामं राहिलं की जातो. मग महामारीत बांधकामं रखडली, 2022 ला भाडी भडकली, एका घराला एका संध्याकाळी आठ-आठ प्रस्ताव यायला लागले, आणि जुने नकार जसेच्या तसे परतले. इतकी वर्षं मी ज्याला स्वभाव समजत होते, त्यातला बराच भाग परवडण्याचा प्रश्न होता. सगळाच नाही. त्या म्हाताऱ्याचं घर पडत्या काळातही रिकामं राहिलं आणि त्यानं ते राहू दिलं.

उलटही एक आहे. सेंगकांगच्या एका अंटीनं 2016 ला नाइलाजानं एका नाशिककर कुटुंबाला घर दिलं. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा काही ना काही कारण काढून स्वयंपाकघर बघायला यायची. दुसऱ्या वर्षी यायची ती चकलीसाठी. 2022 ला करार संपला तेव्हा तिनं बाजारभावाप्रमाणे भाडं वाढवलं, एक डॉलर सोडला नाही. कुटुंबाला झेपेना, ते सेंबावांगला गेले. अंटीला वाईट वाटलं, भाडं कमी करण्याइतकं नव्हे. तिच्याकडे तेव्हा रांग लागली होती, तिला वाटेल तो निवडता आला असता. मी सवयीनं विचारलं, कुठलं प्रोफाइल शोधू. म्हणाली, "जास्त देईल तो. इंडियन, चायनीज, कोण पण. फक्त कुत्रा नको."